गाडीचा आवाज आला का?

३ मार्च

चि. खटपट्या,

आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून तू दचकला असशील. वर्षभर तुझ्या एकाही पत्राला मी उत्तर दिलं नाही आणि आज आपणहून लिहितेय, तर मला मायेचा उमाळा वगैरे आलाय असं समजू नकोस. काम आहे.

भुंग्याची गाडी सुरू होत नाही. त्याच्या मित्रांनी ती खाणीवरून टेंपोत घालून आणली आणि मागच्या शेडमध्ये उभी केली, तेव्हापासून ती तिथेच आहे. क्लचचा दांडा वाकलाय, बाकी तिला काही झालेलं नाही. माझा मुलगा गेला आणि गाडीला साधा पोचा नाही. एवढे दिवस मी तिच्याकडे पाठ करून कपडे वाळत घालत होते. आता एक गिऱ्हाईक आलंय, विकून टाकीन म्हणते. पण सुरू करून दाखवल्याशिवाय तो हात लावणार नाही, आणि ती काही केल्या दाद देत नाही.

गाडी तू आणून दिलीस. बाविसाव्या वाढदिवसाला मामाची भेट म्हणून. तेव्हा ती सुरू कशी करायची तेही तूच सांग. सगळं नीट, पायरीपायरीने लिही. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही हे तुला माहीत आहे.

फोन करू नकोस. तुझा आवाज हुबेहूब त्याच्यासारखा आहे. पूर्वी फोनवर तू बोललास की मी "जेवलास का रे भुंग्या" म्हणून सुरू व्हायचे आणि तू मुद्दाम "हो आई" म्हणायचास. आता तो आवाज मला झेपणार नाही. लिहून पाठव.

यांची तब्येत ठीक आहे.

ताई


९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका मच्छीमार बोटीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. हात पुसले, पत्र वाचलं, आणि त्या दिवशी पुन्हा काही इंजिनाकडे वळलो नाही. बोटीचा मालक धक्क्यावर येऊन बोंबलून गेला. बोंबलू दे म्हटलं, माझ्या बहिणीचं पत्र आलंय.

विकायची म्हणतेस, तर वीक. मी कोण अडवणारा? वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो, पण माझं खोटं तुला लहानपणापासून पकडता येतं, तेव्हा राहू दे.

आता गाडीचं. आधी टाकीतलं पेट्रोल. वर्षभर उभं राहिलेलं पेट्रोल खराब होतं. वास घे, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आला तर सगळं काढून टाक आणि ताजं भर. टाकीच्या खाली कॉक आहे तो उघड. गाडी थंड असताना चोक ओढायचा. आणि किक मारताना उजव्या हाताची मूठ अजिबात पिळायची नाही. हात शिवशिवतात, सगळेच पिळतात. पण या फोर स्ट्रोक गाडीत मूठ पिळली की दर वेळी आत पेट्रोलची पिचकारी जाते, प्लग भिजतो, मग बसा किक मारत दिवसभर.

किक मारायचीही पद्धत आहे. आधी ती पायाने हळू दाबत न्यायची. एका जागी कडक लागते. ती जागा जराशी ओलांडायची, किक परत वर येऊ द्यायची, आणि मग सगळं वजन टाकून खालपर्यंत, एका दमात. अर्धवट मारलीस तर ती उलटी फेकते आणि नडगी फोडते. भुंग्याला हे शिकवण्यात माझी एक अख्खी सुट्टी गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो लंगडत घरात आला आणि तुला म्हणाला, जिन्यावरून पडलो. आठवतं? तुमच्या घराला जिनाच नाही, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

किक गिऱ्हाइकाला मारू दे. तू मारू नकोस, आणि भाऊजींना तर गाडीजवळही फिरकू देऊ नकोस. त्यांची तब्येत ठीक म्हणजे कशी? तुझ्या पत्रात ते एका ओळीत उरकलेत.

तुझा,
खटपट्या


१६ मार्च

चि. खटपट्या,

नडगी फुटली. माझी. आता हस.

पेट्रोल काढलं, वास तू म्हणालास तसाच होता. नवं भरलं. शेजारची बेकरीवाली मदतीला आली. तिने गाडी धरली, मी किक मारली, गाडीने मला लाथ मारली. मग बेकरीवालीने पदर खोचला आणि स्वतः मारली. रोज पहाटे ढीगभर पीठ मळणारी बाई ती, तिच्या किकेने शेड हलली, गाडी नाही हलली. एकदा आत कुठेतरी खोकल्यासारखा आवाज आला, तेवढाच. मूठ पिळली नाही, शपथ.

आता खरं सांगते. गिऱ्हाईक वगैरे कोणी नाही.

यांना काही आठवत नाही रे. आधी चष्मा, किल्ल्या असं विसरायचे. डॉक्टर म्हणाले वयाबरोबर होतं, काहींचं जरा लवकर होतं. मग दुकानाची वाट विसरले. तेव्हा दुकान बंद करून शिलाई मशीन घरी आणलं. हात मात्र काही विसरलेले नाहीत. अजून सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतात, कोटाची कॉलर अशी बसवतात की बघत राहावं. पण भुंगा गेला हे त्यांच्या डोक्यात राहत नाही.

एकदा मी खरं सांगितलं. समोर बसवलं, हात धरला आणि सांगितलं. पहिल्या दिवशी रडले होते तसेच रडले, भिंतीला डोकं टेकून. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मला विचारतात, पोरगा उठला का? मी पुन्हा नाही सांगितलं. एका माणसाला आपला मुलगा किती वेळा मेलेला ऐकवायचा?

संध्याकाळ झाली की ते मागच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, "गाडीचा आवाज आला का?" मी म्हणते, "येईल हो आता. तुम्ही जेवून घ्या." पण ताट तसंच राहतं. पुन्हा थोड्या वेळाने, "आवाज आला का?" मी, "येईल." असं झोप लागेपर्यंत. पोटात काही नाही. बरगड्या मोजता येतील असे झालेत. त्यांनीच शिवलेला कोट त्यांच्या अंगावर लोंबतो.

म्हणून माझ्या मनात आलं की संध्याकाळी एकदा शेडमध्ये जाऊन ती गाडी सुरू करावी, थोडी घुमवावी आणि बंद करावी. त्यांना वाटेल आला पोरगा. मग जेवतील. दुसऱ्या दिवशी परत करीन. रोज करीन. मला वेड लागलंय असं तुला वाटत असेल तर वाटू दे, पण गाडी सुरू कशी करायची ते सांग.

ताई


२१ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

माझ्या लग्नाचा कोट भाऊजींनी शिवला होता. लग्न टिकलं नाही, कोट टिकला. अजून त्याचं एक बटण सुटलेलं नाही. त्यांच्यासाठी मी काहीही करीन, म्हणून एक विचारतो, रागावू नकोस.

मी फोन करू का? तुला नाही, त्यांना. तू उचलू नकोस, त्यांच्याच हातात दे. मी एवढंच म्हणेन, बाबा, मला उशीर होईल, तुम्ही जेवून घ्या. माझा आवाज त्याच्यासारखा आहे असं तूच लिहिलंस. गाडी दुरुस्त होईपर्यंत तरी त्यांच्या पोटात अन्न जाईल.

नसेल पटत तर सोड. गाडीकडे वळू.

खोकते म्हणजे ठिणगी पडतेय. तरी प्लग नवीन घाल. मग कार्ब्युरेटर. त्यात एक जेट असतो, म्हणजे पितळेची बारीक पोकळ सळई, तिचं भोक केसाएवढं. खराब पेट्रोल वाळून ते बुजतं. हे तुझ्या हातचं नाही, एखादा बरा मिस्त्री गाठ. त्याला म्हणावं जेट तारेने खरवडू नको, हवेने साफ कर. तेही करून झालं नाही, तर टॅपेट बघायला सांग. या गाड्यांचे व्हॉल्व्ह झिजत झिजत वर सरकतात, मधली फट उरत नाही, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि थंड गाडी सुरूच होत नाही. मिस्त्री पातळ पट्टी सरकवून ती फट मोजेल. माझा संशय तिथेच आहे. मी तिथे असतो तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण इथे गाळ काढणारी मोठी बोट उघडून पडलीय, ती जोडल्याशिवाय मला सोडणार नाहीत.

तुझी नडगी कशी आहे? हसलो नाही मी.

खटपट्या


३० मार्च

खटपट्या,

फोनचं पुन्हा काढू नकोस. तू म्हणशील, गाडीचा आवाज ऐकवते आणि माझा का नको? गाडीचा आवाज गाडीचाच आहे. तुझ्या तोंडून "बाबा" ऐकायचं आणि मी शेजारी उभी राहायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. हे फोन ठेवून माझ्याकडे वळतील आणि म्हणतील, "बोलला गं." त्यावर मी काय चेहरा करू?

मिस्त्री आला होता. चौकातला. त्याने कार्ब्युरेटर माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर उघडला, त्यावरून माझं आणि त्याचं वाजलं. जेट बुजलेलाच होता, साफ केला. नवा प्लग घातला. व्हॉल्व्हची फट खरंच नव्हती, तुझा संशय बरोबर निघाला, तीही त्याने करून दिली. बेकरीवाली आणि मी गाडी धरून उभ्या. त्याने किक मारली. गाडी खोकली. पुन्हा मारली, पुन्हा खोकली. मग तेही बंद.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "बाई, किक मारताना उशीवर पाय दिल्यासारखं वाटतं. आत गेलेली हवा बाहेर पडत नसल्यासारखं." मी मागे हात धरून बघितला. सायलेन्सरमधून काही येत नाही, ना धूर, ना वारा. मिस्त्री म्हणाला, उद्या येतो. आला नाही. तो घाबरला असावा, गाडीला नव्हे, मला.

हे सगळं चाललं असताना हे खिडकीतून बघत होते. मिस्त्री गेल्यावर मला म्हणाले, "तो कोण होता? त्याला गाडीला हात लावू देऊ नकोस." एरवी कोण आलं कोण गेलं याचं त्यांना काही नसतं. त्या रात्री फक्त पाणी प्यायले.

लवकर लिही.

ताई


४ एप्रिल

ताई,

घाईत लिहितोय, टपाल निघालंय. मी गाढव आहे. इंजिनाच्या पोटात शिरलो आणि मागचं भोक बघायचं विसरलो.

सायलेन्सरच्या तोंडात बोट घाल. भुंगा गाडी धुताना आत पाणी जाऊ नये म्हणून तिथे कापडाचा बोळा बसवायचा. भाऊजींनीच त्याला तो जाड कोटाच्या कापडाचा शिवून दिला होता, मापात. विसरू नये म्हणून त्याला लाल फीत लावलेली, ती बाहेर लोंबायची. मित्रांनी गाडी धुऊन आणली असणार आणि बोळा आतच राहिला असणार. तो काढ. मग किक मार. सुरू होईल, लिहून ठेव.

खटपट्या


११ एप्रिल

चि. खटपट्या,

बोळाच होता. पण फीत बाहेर नव्हती, आत दुमडून घातली होती, आणि बोळा इतका खोल की चिमट्याने ओढावा लागला. काळं कापड, कडेने यांचा तो बारीक टाका. काढून फळीवर ठेवला.

काल संध्याकाळी यांनी नेहमीसारखं विचारलं, "गाडीचा आवाज आला का?" मी म्हटलं, "येईल आता," आणि मनात म्हटलं, आज खरंच येईल. मागच्या दाराने शेडमध्ये गेले. चोक ओढला. मूठ पिळली नाही. कडक जागा शोधली, ओलांडली, वजन टाकलं. तिसऱ्या किकेला सुरू झाली.

खटपट्या, तो आवाज. मी विसरले होते की तो आधी घशात घरघरतो आणि मग मोकळा होतो. मी गाडीच्या सीटवर हात ठेवून उभी होते आणि मला रडू आलं, पण बरं वाटत होतं. म्हटलं आता हे आतून हाक मारतील, आला का रे.

हे आतून धावत आले. अनवाणी. कोटाची एक बाही चढवलेली, एक लोंबती. मला बघितलं, गाडी बघितली, आणि तोंडावर हात मारून घेतला. "सुरू झाली? मग गेला तो. गेला ना?" मी म्हटलं, "अहो गेला नाही, आला, आत्ताच आला." ते ऐकेनात. "गेला. मी सांगत होतो जाऊ नको. गेला तो." मग तिथेच मातीत बसले आणि गाडीचं चाक दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मी गाडी बंद केली तरी चाक सोडेनात. बेकरीवाली आणि तिचा नवरा आले तेव्हा कुठे उचलून आत नेलं.

आज दिवसभर अन्नाचा कण नाही. पाणीही चमच्याने पाजलं. माझ्याकडे बघतात ते, मी त्यांचं काही वाईट केल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळपर्यंत बघू, नाहीतर दवाखान्यात ठेवू आणि नळी घालू.

मी काय केलं रे हे?

ताई


१६ एप्रिल

ती. ताईस,

तू काही केलं नाहीस. तू सुरू करायला गेलीस आणि मी सुरू करून दिली. गाडीचं म्हणशील तर तिचं सगळं मला कळतं, आणि त्याचा उपयोग हा असा झाला.

माझं ऐक, गाडी घरातून काढ. त्या मिस्त्रीलाच देऊन टाक, फुकट दे, तिचे सुटे भाग तरी त्याच्या कामाला येतील. नजरेसमोर नसली तर भाऊजी कदाचित आवाजाचंही विचारणार नाहीत. मी ती गाडी आणली नसती तर, हे मी वर्षभर रोज म्हणत आलोय. तू पत्रांना उत्तर देत नव्हतीस ते बरोबरच होतं.

दवाखान्यातून काय ते कळव. दोन ओळी लिही, पण लिही.

खटपट्या


२३ एप्रिल

चि. खटपट्या,

अनेक आशीर्वाद. आधी हे वाच: हे जेवताहेत. आता पुढचं सावकाश वाच.

दवाखान्यात तीन रात्री काढून घरी आलो. तुझं पत्र आलं तेव्हा मला पटलं. मिस्त्रीला निरोप धाडला, की गाडी घेऊन जा. तो काल सकाळी आला. आधी चालवून बघतो म्हणाला. किक मारली. काही नाही. पुन्हा मारली, तेच, उशीवर पाय. त्याने सायलेन्सरमध्ये बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. बोळा आत होता. फीत आत दुमडलेली.

मी फळीकडे बघितलं. मी तिथे माझ्या हाताने ठेवला होता. घरात तिसरं माणूस नाही. मिस्त्रीला म्हटलं, तू जा, गाडी आज नको नेऊस. बोळा पुन्हा फळीवर ठेवला आणि दुपारी शेडमध्ये पोत्यांच्या आड स्टूल टाकून बसले. माझ्याच घरात चोरासारखी.

हे आले. गळ्यात माप घ्यायची टेप, हातात दुकानातली लाकडी पट्टी. फळीवरचा बोळा घेतला. त्याच्या एका टोकाचा दोरा सुटला होता, तो दाताने तोडला, नीट केला. फीत आत दुमडली. सायलेन्सरमध्ये घातला आणि पट्टीने आत सारला, हळूहळू, आवाज न करता. मग हात मागे करून उभे राहिले आणि गाडीकडे बघितलं, कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर बसला की बघायचे तसं.

मी उठले. म्हटलं, "काय करताय?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. झोपलाय तो आत." मग मला जवळ घेऊन कानात सांगितलं. "आज खाणीवर जातो म्हणतोय. मी म्हटलं नको जाऊस, तिथली कडेची पाऊलवाट सरकलीय, तर नुसता हसतो. माझं कोण ऐकतो? पण गाडीच सुरू झाली नाही, तर जाईल कसा?"

मी त्यांच्या हातातली पट्टी घेतली. ते म्हणाले, "त्याला सांगू नकोस हं. चिडेल माझ्यावर. चिडू दे. घरात तर राहील."

खटपट्या, त्या दिवशी सकाळी ते खरंच म्हणाले होते, नको जाऊस. मी ऐकलं होतं. भुंगा हसला होता आणि मीही हसले होते, या शिंप्याला सगळीकडे उसवलेलं दिसतं म्हणून. बाकी सगळं पुसलं गेलंय त्यांचं. तेवढी एक सकाळ राहिलीय. रोज त्यांच्यासाठी तीच सकाळ असते आणि पोरगा अजून आत झोपलेला असतो.

आपल्या घरातून रस्ता पुढच्या खिडकीतून दिसतो. हे मागच्या खिडकीत बसतात, तिथून फक्त शेड दिसते. एवढी साधी गोष्ट वर्षभर माझ्या डोक्यात शिरली नाही. ते त्याची वाट बघत नव्हते रे. ते पहारा देत होते. आणि "गाडीचा आवाज आला का?" असं घाबरून विचारत होते, तर मी रोज म्हणत होते, "येईल आता." रोज. ताट पुढे सरकवून म्हणत होते. कसा उतरेल घास?

काल संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गाडीचा आवाज आला का?"

मी म्हटलं, "नाही. आज यायचाही नाही. गाडी बंद पडलीय. तो आत झोपलाय."

त्यांनी खुर्ची खिडकीपासून टेबलाशी ओढली आणि म्हणाले, "मग वाढ." सगळं खाल्लं. ताट पुसून खाल्लं. वर म्हणाले, "त्याचं झाकून ठेव. उठला की लागेल." मी झाकून ठेवलं. शेजारी बसून मीही जेवले. खरं सांगू? तेवढा वेळ माझ्यासाठीही तो आतच होता. त्याच्या खोलीचं दार मी लोटून ठेवलंय. हे दार उघडत नाहीत, झोपलेल्याला उठवायचं नाही ही त्यांची जुनी शिस्त.

आता त्यांना एकच धास्ती आहे. आज दुपारी मला म्हणाले, "तो मामाला तर नाही ना बोलावणार? मामा आला की दुरुस्त करील." त्या धास्तीने आज जेवताना दोनदा उठून खिडकीशी गेले.

म्हणून सांगते, तू ये. बोट जोडून झाली की ये, नसेल झाली तरी ये. तुझी हत्यारं घेऊन शेडमध्ये बस, गाडी खोल, घाणेरड्या हातांनी आत ये आणि यांच्यासमोर सांग की जमत नाही. खटपट्यालाही जमलं नाही म्हटल्यावर यांचा जीव थाऱ्यावर येईल.

आणि तिथे बसून मोठ्याने बोलत जा. कोणाचं सोंग घेऊ नकोस. तू गाडीवर चिडून आपल्याशीच बडबडतोस ना, तसंच बोल. तो आवाज मागच्या खिडकीतून आत येऊ दे. यांना ऐकू दे. मला सोसेल की नाही, माहीत नाही. पण ये.

मी तुला वर्षभर उत्तर दिलं नाही, त्याबद्दल समोरासमोर भांडू.

तुझी,
ताई


२८ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

रजा टाकली. देत नव्हते, तर म्हटलं मग नोकरीच घ्या. दिली. परवा निघतो, या पत्रामागोमाग पोचेन.

हत्यारांची पेटी बांधली आणि तिच्याकडे बघत बसलो. आयुष्यभर बंद पडलेली इंजिनं सुरू करायला ही पेटी उचलली. आज पहिल्यांदा ती उलट कामाला निघालीय, आणि मला वाटतं की एवढं नीट काम मी दुसरं केलेलं नसेल. बोळ्याला हात लावणार नाही. फीत बाहेर आली असेल तर आत दुमडीन.

बोलायचं म्हणशील, तर मी आज धक्क्यावर एकटा असताना मोठ्याने बोलून बघितलं. काय बोलायचं ते सुचेना. शेवटी भुंग्याला किक शिकवताना जे सांगितलं होतं तेच सांगत सुटलो, मूठ पिळू नको, कडक जागा ओलांड, घाई करू नको. माझाच आवाज ऐकून मला रडू कोसळलं. तेव्हा तुला सोसणार नाही, मलाही सोसणार नाही. भाऊजींना सोसलं म्हणजे झालं.

मी पोचेपर्यंत दोन-तीन संध्याकाळी जातील. तोवर त्यांनी विचारलं, तर सांग, मामाला विचारलंय. तो म्हणाला, आज काही ती सुरू होत नाही. उद्याही व्हायची नाही.

तुझा,
खटपट्या